मडमेचा अडकित्ता

छगनच्या चौकटींच्या दुकानाची पायरी चढताना भगवंतला ते पत्र आठवलं. ज्या चित्राबद्दल पत्र होतं, ते चित्रच समोर गल्ल्याला टेकवून ठेवलेलं होतं.

विलायती दिवाणखाना. जाड लाल पडदे, भिंतीतल्या कमानीत पेटलेला विस्तव, वर पितळी घड्याळ, आणि मखमली खुर्चीत निळ्या झग्यातली मडम. रद्दीतल्या इंग्रजी मासिकात पाहून त्याने ते तेलरंगात उतरवलं होतं. सुरतेजवळच्या उधन्याच्या मिलमध्ये आठवडाभर साड्यांची नक्षी काढायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या भिंतींसाठी असले दिवाणखाने रंगवायचे, असा त्याचा शिरस्ता.

पत्र लढाईच्या साली आलं होतं, खिडक्यांना काळे कागद लागले होते तेव्हा. खाली सही चित्र विकत घेतलेल्या प्रमिलाबाईंची. ‘मडमेच्या हातात अडकित्ता आहे का? आमचा मुलगा जयंत म्हणतो, कात्री आहे. तरी खुलासा करावा.’

मिलमध्ये नक्षी चुकली की मॅनेजर खुलासा मागायचा आणि साऱ्या खात्यासमोर तो मोठ्याने वाचायचा. त्या एका शब्दापाशी भगवंतने पत्र मिटून ठेवलं. उद्या लिहू, परवा लिहू म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

आताही त्याने पाऊल हळूच मागे घेतलं. पण छगनने पाहिलंच.

“आवो, आवो, भगवंतभाई! सो वरस जीवशो! बेन, हेच ते पेंटर.”

चित्रापाशी उभी असलेली बाई वळली. “तुम्हीच का? बरं झालं बाई, भेटलात. मी उज्ज्वला. प्रमिलाबाईंची सून.”

भगवंतने नमस्कारासाठी हात जोडले.

“सासूबाई गेल्या धुळ्याला, दिरांकडे. आता तिकडेच राहणार. चित्र मागोमाग पाठवा म्हणाल्यात. पण आमचे हे म्हणतात, तिथं चार लोकांत हसं नको. आधी त्या मडमेच्या हातात पंखा रंगवून घे.”

भगवंतला एकदम मोकळं वाटलं. पंखा! कुंचल्याचे दहा-वीस हात, की चूक कायमची झाकली जाणार. कुणी काही विचारणार नाही. त्याने खिशातला बारीक कुंचला काढलासुद्धा. मग उगीच विचारलं,

“बाईंना चालेल ना पंखा?”

“त्यांना कुठलं चालायला!” उज्ज्वला हसली. “आल्यागेल्याला सांगायच्या, हिच्या घरची जेवणं आटोपलीत, पाहुणे बाहेर बसलेत, आणि ही सुपारी कातरतेय. हे म्हणायचे, आई, विलायतेत कुठली गं सुपारी? तर म्हणायच्या, मी पेंटरला विचारलंय, येईल उत्तर. पोस्टमन दिसला की दारात. शेवटी म्हणाल्या, कामाचा माणूस, राहिलं असेल.”

“रागावल्या नाहीत?”

“रागवायचं काय त्यात? सगळ्या घरात त्यांना आपली वाटायची ती ही एक मडमच.”

भगवंत शेजारच्या स्टुलावर बसला. कुंचला बोटांत फिरवत राहिला.

“मासिकाची घडी नेमकी तिच्या हातांवर आली होती,” तो खाली बघत म्हणाला. “वर तारेच्या दोन टाचण्या. तिच्या हातात काय होतं, ते मला दिसलंच नाही. माझ्या हाताला सुचलं ते काढलं.”

“आणि काय सुचलं?”

“अडकित्ता.”

उज्ज्वलाने कमरेवर हात ठेवले. “म्हणजे मुळात काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही?”

“नाही.”

“मग सासूबाई हरल्या कुठं?”

छगनने मांडीवर थाप मारली. “आ वात साची! साहेबांचा पंखा गेला हवेत!”

“पण तुमच्या साहेबांना काय सांगाल?” भगवंतने विचारलं.

“सांगेन, पेंटरने ऐकलं नाही. नाहीतरी त्यांचं घरात ऐकतं कोण?”

भगवंत हसला. किती दिवसांनी हसतोय असं त्याचं त्यालाच वाटलं. “छगनभाई, चौकटीला लावता तो तपकिरी रंग द्या जरा. आणि टोकभर पांढरा.”

चित्र त्याने उजेडाकडे वळवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ मडमेच्या मांडीला टेकवलं. निळ्या झग्याच्या चुण्यांत कुंचल्याचं टोक एकदा टेकलं, पुन्हा एकदा टेकलं. उज्ज्वला वाकून बघू लागली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

“रंग ओला आहे, हात लावू नका,” भगवंत म्हणाला. “वाळून, बांधून चित्र जायला वेळ लागेल. बाईंचा धुळ्याचा पत्ता सांगता?”

छगनच्या गल्ल्यात कोरी कार्डं असत. त्यातलं एक घेऊन भगवंतने उभ्या उभ्याच लिहिलं. मनात इतकी वर्षं जुळवलेली वाक्यं होती, आदराची, माफीची, इंग्रजी मासिकाच्या छपाईला दोष देणारी. त्यातलं एकही लागलं नाही.

“हाश!” त्याला लिहिताना पाहून छगननेच सुटकेचा श्वास सोडला.

समोर रस्त्यापलीकडे टपालाची लाल पेटी होती. एक टांगा जाऊ देऊन भगवंतने रस्ता ओलांडला. पेटीच्या तोंडाशी कार्ड धरून त्याने ते पुन्हा वाचलं.

‘सा. न. वि. वि. होय, अडकित्ताच आहे. सुपारी तेवढी काढायची राहिली होती, ती आज काढली.’

मग त्याने बोटं सोडली.