वाढत्या अंगाचा युनिफॉर्म

"बशीरभाई, गेल्या वर्षी हिचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवायला सांगितला होता. शिवणीत चार बोटं कापड जास्त ठेवलंय तुम्ही. तेवढं उसवून द्या," म्हणत सुमित्रानं पिशवी टेबलावर ठेवली.

बशीरभाईंनी टेप उचलली. सुमित्राची मुलगी ऊर्वी ताठ उभी राहिली. वय चौदा, पण दिसायला दहाची. टंचाईच्या वर्षांत शाळेत सगळ्याच मुलांना वाढ थांबवणारी गोळी मिळायची. अंग वाढलं नाही की भूकही कमी लागते. धान्य आलं की गोळी बंद होईल, मग पोटभर खाऊन मुलं आपोआप वाढतील, असं सांगितलं होतं. धान्य येऊन, गोळी बंद होऊन वर्ष झालं होतं.

"रोज अंडी खाते, दूध पिते, नाचणीची भाकरी खाते. पानात काही टाकत नाही," सुमित्रा म्हणाली. "कालच मला वाटलं, खांद्यात घट्ट होतोय."

बशीरभाईंनी खांदा मापला, मग उंची. आकडा काही सांगितला नाही.

"गुरुवारी न्या."

सुमित्रा चपला घालायला बाहेर गेली, तशी ऊर्वी हळूच म्हणाली, "काका, उसवू नका. ढगळ होईल."

"नाही उसवत, बाळा." त्यांनी मागच्या फळीवरच्या युनिफॉर्मच्या ढिगाकडे पाहिलं. "कुणाचाच उसवत नाही. नुसती इस्त्री करून देतो."

बाहेर सुमित्रानं पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला. "खा. वाढत्या अंगाला लागतं."

पोट भरलेलं होतं, तरी ऊर्वीनं तो सगळा खाल्ला.