करंगळी

पाद्रीबुवा दर गुरुवारी पलीकडच्या बेटावर जातात, म्हणून गुरुवारच धरला. आनफिननं पहिली कुदळ मारली तेव्हा भर दुपार होती. ऊन लख्ख होतं आणि खाली मांडवांवर वाळत घातलेल्या कॉड माशांचा वास थेट कबरस्तानापर्यंत येत होता.

"उभा जन्म माणसं पुरण्यात गेला," आनफिन म्हणाला, "पण पुरलेलं वर काढायची ही पहिलीच खेप. बुवांना कळलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा, योरुनबाई."

"मग तोंड कमी चालव आणि हात जास्त," योरुन म्हणाली. तिच्या खांद्यावर तीन महिन्यांचा नातू झोपला होता. त्याची आई, योरुनची सून तोरिना, मुद्दाम चार पावलं लांब उभी होती.

ऑक्टोबरात धक्क्याचा दगड आणि होडी यांच्यामध्ये तोरिनाचा डावा हात चेचला. त्या हातात चार वर्षांची सुनिवा होती. लेक समुद्रानं नेली ती नेलीच. हात डॉक्टरनं मनगटातून काढला, आणि लोण्याच्या पेटीत घालून तो इथं पुरला. तेव्हापासून त्या नसलेल्या हाताची मूठ वळलेली होती. इतकी घट्ट, की नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतायची. कळ आली की उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे धावायचा, मग त्यात काहीही असो. एप्रिलमध्ये त्यात तान्हा एलिफ होता. योरुननं वरच्यावर झेलला म्हणून वाचला. त्या दिवसापासून तोरिनानं पोराला एकदाही उचललं नव्हतं. पाजायचं तेसुद्धा सासूनं त्याला धरून बसायचं.

पुरलेला अवयव आखडला की धन्याला दुखतो, हे त्यांच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर योरुननं पुरायच्या आधी पाचही बोटं सरळ करून फळीला बांधली होती.

"लाल लोकरीनं बांधली होती गं," ती पुन्हा म्हणाली. "एकेका बोटाला तीन तीन गाठी. माझ्या हातची गाठ आजवर सुटलेली नाही."

"मी कुठं तुम्हाला बोल लावतेय, सासूबाई? दुखतंय एवढंच म्हणतेय."

कुदळ लाकडावर वाजली. वरची माती सुटली होती, पण खाली अजून हिवाळाच होता. आनफिननं पेटीभोवतीचा बर्फ फोडला, ती वर घेतली, पहारीनं झाकण उचकटलं आणि मागं सरकला.

हात होता तसाच होता. थंडीनं काही बिघडू दिलं नव्हतं. फळी एका बाजूला पडली होती. तिच्यावर लाल लोकरीची पाच वेढणी होती, गाठी जशाच्या तशा, आणि आत बोटं नव्हती. बोटं मुठीत वळलेली होती.

"अगं माझ्या देवा," योरुन पुटपुटली.

मुठीतून पाणी ठिबकत होतं. भोवती सगळं गोठलेलं, आणि हे पाणी वाहतं. आनफिननं एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. मग टोपी काढून छातीशी धरली.

"खारं आहे," तो म्हणाला.

तोरिना गुडघ्यांवर बसली. भीती वाटली नाही असं कसं म्हणावं, दात वाजत होते तिचे. पण स्वतःच्याच हाताला माणूस किती भिणार? तिनं अंगठा उलगडला. डाव्या मनगटापुढं, जिथं नुसती हवा होती तिथं, तिचा अंगठा सुटला. सात महिन्यांत पहिल्यांदा. तिला रडूच फुटलं.

"रड हवं तेवढं, पण थांबू नकोस," योरुन म्हणाली.

तर्जनी. मधलं बोट. अनामिका. एकेक सुटत गेलं तसतसं पाणी मातीत ओघळलं. तळवा रिकामा होता. करंगळी तेवढी आकड्यासारखी वळलेली राहिली. तिच्यावर हात ठेवून तोरिना थांबली.

"काय झालं? येत नाही का? सरक, मी करते."

"नको. राहू दे तिला तशीच."

"वेडी आहेस का? जन्मभर ठणकत राहील."

"ठणकू दे, सासूबाई. सुनिवा तेच बोट धरून चालायची."

योरुननं पेटीचं झाकण आनफिनकडे सरकवलं. त्यानं झाकण बसवलं, पेटी खाली सोडली, माती ओढली आणि कुणी न सांगता वर हिरवळीचा तुकडा नीट बसवला.

तोरिना उठली. स्कर्टला हात पुसून तिनं तो पुढं केला.

"द्या त्याला."

योरुननं आधी सुनेकडे पाहिलं, मग पोराकडे. "नीट धर," एवढंच म्हणाली आणि एलिफला तिच्या उजव्या हातावर दिलं. तो जागा झाला, कुरकुरला आणि आईच्या गळ्यात तोंड खुपसून पुन्हा झोपला. किती जड झाला होता! तोरिना तशीच उताराला लागली. डावा हात मोकळा लोंबत होता.

फाटकापाशी कळ आली. फक्त करंगळीत. वरून नाही, खालून; तिच्या मांडीएवढ्या उंचीवरून कुणीतरी हलकेच ओढल्यासारखी. तिचा उजवा हात जागचा हलला नाही.

"काय गं, दमलीस?" मागून योरुन ओरडली. "एवढी हळू का चालतेस?"

तोरिनानं मागं पाहिलं नाही. तिनं पावलं आणखी लहान केली.