मोकळा : विशेषण

"भात कसा हवा? मोकळा! शीत न् शीत सुटं हवं," ताटातला गिचका चिवडत आगटेसर म्हणाले. ताटाशेजारी त्यांच्या शब्दकोशाची वही उघडीच होती. 'मोकळा' या विशेषणाचे पाच अर्थ लिहून झाले होते. आता अडलं होतं ते फक्त बोलण्यातल्या उदाहरणांपाशी.

"मोकळं बोलू का?" शरयूबाईंनी विचारलं.

सरांचा चेहरा उजळला. मोकळे, म्हणजे स्पष्ट, आडपडदा नसलेले. अर्थ तिसरा! उष्टा हात तसाच ठेवून त्यांनी डाव्या हाताने वाक्य टिपलं. बायकोचं बोलणं इतकं कान देऊन त्यांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं असावं.

"तीस वर्षं तुमचे शब्द ऐकले. माझा एक तरी ऐकलात? नाशिकला ताईकडे चाललेय, कायमची. माझं कपाट मोकळं केलंय."

मोकळे, म्हणजे रिकामे. "वा! अर्थ दुसरा."

"वाटलं होतं, रडू येईल. उलट कसं मोकळं मोकळं वाटतंय."

"अगं, सावकाश सांग! द्विरुक्तीचंही उदाहरण मिळालं," सर धन्य झाले.

बाईंनी बॅग उचलली, चपला घातल्या. वहीतून मान वर न काढता सर ओरडले, "थांब, थांब! विरुद्धार्थी शब्द राहिला की!"

"सौभाग्यवती," जिन्यावरून उत्तर आलं.

सरांनी तोही उतरवून घेतला, पुढे कंसात 'स्त्रीलिंगी' असं लिहिलं आणि समाधानाने ताट पुढे सरकवलं.

"अगं, ताक वाढतेस ना?"