वयामुळे होतंय

इथे नॉर्वेत आमच्याकडे राहायला आल्यावर सासूबाईंनी साठी उलटल्यावरही नॉर्वेजियन शिकायला घेतलं, तेही थेट शब्दयोगी अव्ययांपासून. दिवसभर चमचा बशीखाली ठेवायच्या, कपामागे ढकलायच्या, दोन वाट्यांमध्ये सरकवायच्या आणि प्रत्येक वेळी त्यासाठीचा नॉर्वेजियन शब्द मोठ्याने म्हणायच्या.

"आई, वर-खाली शिकून कुठे नोकरीला लागणार आहेस?" माझा नवरा हसायचा. "मी आहे ना बोलायला!"

"तेच तर," असं म्हणून त्या चमचा पुन्हा उचलायच्या.

दवाखान्यात दर वेळी तोच बोलायचा. सासूबाई पाच मिनिटं मराठीत दुखणं सांगायच्या आणि हा डॉक्टरांना एका वाक्यात सांगून उरकायचा, "वयामुळे होतंय." गोळ्या त्याच मिळायच्या.

परवा मीही सोबत होते. कुठे दुखतं, असं डॉक्टरांनी विचारलं आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये सांगून टाकलं: डाव्या बरगडीखाली, आतल्या बाजूला, जेवणानंतर, थेट पाठीपर्यंत. डॉक्टरबाई पहिल्यांदाच खुर्चीतून उठून त्यांना तपासायला आल्या.

"थांब आई, मी नीट सांगतो त्यांना," नवरा पुढे सरसावला.


"तू दाराबाहेर थांब," सासूबाई म्हणाल्या, आणि हेही डॉक्टरांना कळेल अशाच भाषेत.