गाडी निघाली आहे

"अहो बाई, माझी म्हातारी उठत नाही हो," फोनवरचा म्हातारा कळवळून म्हणाला.

चिमणीने पत्ता विचारला. श्वास चालू आहे का, विचारलं. दार उघडं ठेवा, म्हणून सांगितलं. आता एकच वाक्य उरलं होतं आणि ते घशात अडकलं.

"गा... गाडी..."

मग म्हातारा खाकरला आणि बाईच्या आवाजात म्हणाला, "सराव संपला. असू दे गं पोरी. म्हातारी काय पळून जात नाही, उद्या पुन्हा मरेल."

मावशी भिंतीपलीकडच्या खोलीतून बोलत होती. अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये ती सगळ्यांत जुनी. तिच्या घशात अख्खी वस्ती राहते म्हणायचे: दारुडा, बाळंतीण, भांडखोर सासू. चिमणीला कामावर परत आणायचं ठरलं तेव्हा साहेबांनी ते मावशीच्याच गळ्यात घातलं.

चिमणी आजारी पडली ती एका फोनमुळे. एक लहान मुलगी होती, तिची आई जमिनीवर पडलेली. चिमणीने सगळं नियमाप्रमाणे केलं. गाडी सुटली आणि वाटेत अडकली. ती मात्र मुलीला सांगत राहिली, गाडी निघाली आहे, गाडी निघाली आहे. गाडी पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

तुझा दोष नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. चौकशीतही तेच निघालं. पण दोष नसला की दुःख कमी होतं, हे कोणी ठरवलं? चिमणी घरी पडून राहिली. अंघोळ नको, जेवण नको. फोन वाजला की उशी कानांवर. शेवटी आईने आपल्या मोबाईलचा आवाजच बंद करून टाकला. हे काम गेलं तर आपण कशाच्याच लायकीच्या नाही, एवढंच चिमणीच्या डोक्यात फिरत राहायचं.

सरावाचे नियम सोपे होते. टेबल तेच, हेडफोन तोच. फक्त हिरवं बटण दाबायचं नाही, कारण ते दाबलं की खरीच गाडी सुटते. त्याऐवजी तळहात टेबलावर ठेवायचा. आणि मावशी "सराव संपला" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

"चुकून खरा फोन आला तर?" चिमणीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बाकीची सगळी टेबलं अडकली तरच फोन उडी मारून मोकळ्या टेबलावर येतो," साहेब म्हणाले. "तुझं टेबल त्यातून काढायला सांगितलंय मी. निर्धास्त राहा."

म्हातारी रोज मरत राहिली आणि वाक्य रोज अडकत राहिलं. एकदा चिमणीने बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारून ते आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या बाईलाही पटलं नाही.

आज सकाळी साहेब तिच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. "माणसं कमी पडतायत गं," ते म्हणाले. "ही खुर्ची आता फार दिवस धरून नाही ठेवता येणार. तुला जुन्या फायलींच्या खोलीत बसवतो. तिथे फोन नाही."

ते चांगल्या मनानेच बोलले होते, म्हणून जास्त लागलं.

"आज मी लहान मूल होणार आहे," मावशीने जेवताना बजावलं. "आधीच सांगते, मागाहून शिव्या घालू नकोस."

चिमणीने हातातला घास ताटात परत ठेवला. तरी ती "हो" म्हणाली.

दुपारी कुठेतरी बस उलटली आणि खोलीतली सगळी टेबलं एकदम बोलायला लागली. चिमणी मान खाली घालून बसली. आपण सोडून सगळे कामाचे, तिला वाटलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आई उठत नाहीये," बारीक आवाज म्हणाला.

मावशीने तोच फोन निवडला होता. मग मागे नळ वाहताना ऐकू आला आणि तिला हसू आलं. मावशीच्या खोलीत बेसिन होतं. बाईने नळसुद्धा सोडला होता! एवढं कोण कोणासाठी करतं? तिला भरून आलं. मावशीसाठी तरी, ती मनात म्हणाली.

"कुठे राहतेस, बाळा?"

मुलीने पत्ता सांगितला, मजल्यासकट.

"आईचं पोट वर-खाली होतंय का बघ."

"होतंय. हळूहळू."

"शाब्बास. आता घराचं दार उघडून ठेव."

"तुम्ही फोन नाही ना ठेवणार?"

"नाही ठेवणार." चिमणीने तळहात टेबलावर ठेवला. "गाडी निघाली आहे."

स्वच्छ आलं. कुठे अडलं नाही. स्वतःलाच पुन्हा ऐकावंसं वाटलं म्हणून ती परत म्हणाली, "गाडी निघाली आहे, बाळा." छातीवरचा दगड उतरला. घरी गेल्यागेल्या आईला सांगायचं, मोबाईलचा आवाज चालू कर.

मग ती सराव संपायची वाट बघत राहिली. नळ वाहत होता. मावशी आज फारच ताणत होती.

"आता पोट हलत नाहीये," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

काय बाई आहे ही, चिमणीला कौतुक वाटलं. रडणंसुद्धा अगदी खरं. "घाबरू नकोस," ती न डगमगता म्हणाली. "गाडी निघाली आहे."

कोणीतरी तिच्या खांद्याला कोपराने ढोसलं. मागे मावशी उभी होती, दोन्ही हातांत चहाचे कप.

"घे, गरम आहे तोवर पिऊन टाक," मावशी म्हणाली. "मग जाते मी आत, मूल व्हायला."