तिसरी पायरी

नराला भुलवायला रेइनोने माजावरच्या हरणीच्या मुताची बाटली फडक्यावर रिकामी केली आणि ते बुटाला बांधलं. त्याच्या बायकोने, लेम्पीने, नाक दाबलं.

"तसाच घरात आलास तर गोठ्यात झोपायचं."

"दहा टोकांच्या शिंगांचा नर आणला, की तूच चुलीपाशी बसवशील."

बर्फावरून फडकं फरफटवत तो मिशिगनच्या रानात शिरला. मचाणापासून वीस पावलांवर ते फांदीला टांगून तो लोखंडी शिडी चढला. तिसरी पायरी नेहमीसारखी खुळखुळली.

तासाभरात नर आला. नाक बर्फाला लावून, थेट मागावर. चांगली दहा टोकं. रेइनोने धनुष्य उचललं. त्याने दोरी ताणली. अजून दोन पावलं, राजा.

पण नर फडक्यापाशी थांबलाच नाही. मान उंचावून, मादी दिसल्यासारखा ओठ मुडपत, तो मचाणाखाली बघत पुढे आला. रेइनोला हसू आवरेना. इतक्या जवळ आजवर एकही आला नव्हता.

मागे तिसरी पायरी खुळखुळली.

त्याने दोरी तशीच ताणून धरली. मग बाटलीतला तोच वास, पण ताजा, गरम, त्याच्या मानेवर आला.