केशरी प्लग

शिक्षिकेची इलेक्ट्रिक गाडी दर चौकात बंद पडत होती, आणि बंद पडूनही गुणगुणत होती. ते ऐकून तीन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. चौथ्यापाशी तिचा धीर सुटला. मागच्या सीटवर तिचे वडील धापा टाकत होते. चारला डायलिसिस होतं.

"काका, पाया पडते, एकदा बघा तरी!"

म्हाताऱ्या मेकॅनिकने छोटी बॅटरी काढून फरशीवर ठेवली. मग मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा केशरी प्लग उपटून हातात घेतला. "आता हिच्यात जीव नाही."

गुणगुण थांबली. शिक्षिकेला हायसं वाटलं.

तेवढ्यात एसी सुरू झाला. "किती गार वाटतंय गं," वडील आतून म्हणाले.

हातातल्या प्लगकडे बघता बघता मेकॅनिक पांढराफटक पडला. "ताई, आधी त्यांना बाहेर काढा!"

ती धावली. चारही दारं खटकन लॉक झाली.